नखाखालची कळ

गडब गावातल्या आमच्या घरात सकाळी मी पाणी भरून आत आले, तर सासूबाई विळीसमोर बसल्या होत्या. डाव्या हाताची अनामिका पात्यावर टेकवून. भाजी कुठेच नव्हती.

"आई!" मी ओरडले आणि त्यांचा हात ओढला. त्या किंचाळल्या. पातं लागलं नव्हतं, माझ्या पकडीत ते बोट आलं होतं.

"कापू दे गो," त्या म्हणाल्या. "बोटच नसलं तर दुखणार नाय."

सात वर्षं त्या हे बोट दुखतं म्हणून सांगत होत्या. गार पाणी लागलं की कळ खांद्यापर्यंत जाते म्हणायच्या. दिसायला बोट धडधाकट. पेणला एक्स-रे काढला, काही निघालं नाही. गोळ्या झाल्या, अंगारा झाला. मग एका डॉक्टरांनी मनाचं दुखणं आहे म्हटलं आणि आम्ही सुटलो. भांडी घासायची वेळ आली की बरं दुखतं, असं मी स्वतः शेजारच्या सरूला हसत सांगितलं होतं.

माझा नवरा आदेश धाटावच्या कंपनीत आहे. फोनवर ऐकून तो शिफ्ट सोडून निघाला. त्याच दुपारी आम्ही आईंना रोह्याला त्वचेच्या डॉक्टर प्रणिता यांच्याकडे नेलं.

त्यांनी नखावर बॅटरी मारली. "हा निळसर डाग बघितलात?"

आम्ही कुणीच बघितला नव्हता.

पेनच्या टोकाने त्या नख जरा जरा दाबत गेल्या. इथे? नाय. इथे? नाय. डागावर टोक टेकलं मात्र, आई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मग डॉक्टरांनी त्यांचा हात वर धरायला लावला, दंडाला बीपीचा पट्टा बांधून आवळला आणि पुन्हा तिथेच दाबलं.

परक्याचं असावं तसं आई आपल्या बोटाकडे बघत राहिल्या.

"नाय दुखत," त्या म्हणाल्या. "आदेश, नाय दुखत रे!"

पट्टा सैल केला आणि कळ परत आली.

"रक्तवाहिन्यांची गाठ आहे. ग्लोमस ट्यूमर म्हणतात."

"ट्यूमर? म्हणजे कॅन्सर?" आदेशने विचारलं.

"कॅन्सर नाही हो," डॉक्टर म्हणाल्या. "क्वचित कुणाला होते, पण साधी गाठ. काढली की बरं वाटेल. तिथलं रक्त थांबलं की दुखणं थांबतं, म्हणून पट्टा बांधला. हे नाटक करून जमत नाही."

त्या कुणालाच टोचून बोलल्या नव्हत्या. मला मात्र वर बघवेना.

पुढच्या आठवड्यात बोट बधिर करून नख उचललं आणि गाठ काढली. डॉक्टरांनी बाटलीतून दाखवली. मुगाच्या डाळीएवढी. आदेश ती बाटली कितीतरी वेळ धरून उभा होता. तपासणीतही ती साधीच निघाली.

जखम भरल्यावर एका सकाळी आईंनी मोरीतल्या बादलीत हात घातला, मनगटापर्यंत. डोळे घट्ट मिटून त्या कळेची वाट बघत होत्या. कळ आली नाही.

"आई, मी तेव्हा..." मी म्हणू लागले.

"सांगत होते ना गो," त्या म्हणाल्या. "रोज सांगत होते." आणि हात तसाच पाण्यात ठेवून त्या रडायला लागल्या.