उन्हात वाळवलेल्या सेलवरचं गाणं

मी एक जुनी कॅसेट आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला कधी हातात घेतलं नसेल, म्हणून सांगते. तळहाताएवढी प्लॅस्टिकची डबी, आत दोन चाकं आणि त्यांवर गुंडाळलेली तपकिरी फीत. त्या फितीवर युरोपातल्या एका डिस्को गटाची सगळ्यात गाजलेली दहा गाणी आहेत. त्यातल्या तिसऱ्या गाण्याने मला झिजवलं.

माझा जन्म कोरा. लोणावळ्याच्या बाजारातल्या एका दुकानदाराने माझ्यात गाणी भरली आणि तुंगार्लीच्या एका बंगल्यात मी राहायला गेले. तिथे मी विजेवर वाजत असे, काचा लावून. बाहेर बागेत हौशीराम माळीकाम करी. त्याच्यापर्यंत नुसता धबधब आवाज पोचायचा. पुढे बंगल्यात नवं यंत्र आलं आणि मालकांनी मला टेपरेकॉर्डरसकट हौशीरामच्या हवाली केलं.

हौशीराम मला आंदर मावळातल्या आपल्या गावी घेऊन गेला. तिथे वीज असून नसल्यासारखी. टेप मोठ्या सेलवर चाले. सेल दमले की तो ते पत्र्यावर उन्हात वाळवी आणि पुन्हा घाली. वाळवलेल्या सेलवर माझी चाकं रेंगाळत. गाणाऱ्या बायकांचे आवाज जाड होत, ठेका जड पडे. हौशीरामला वाटलं, गाणं असंच आहे. त्याने तिसरं गाणं त्याच मंद लयीत आपल्या बेंजोवर बसवलं. शब्द त्याला कळत नव्हते आणि त्यांची गरजही पडली नाही. त्याच्या बायकोने, विठाबाईने, त्यावर पाऊल बसवलं: दोन पुढे, एक टाळी, एक मागे. मग आजूबाजूच्या गावांत त्या गाण्याशिवाय हळद लागेना.

लोक त्याला शाबासकी देत. मला कोण देणार? मी फक्त झिजत होते.

मग डीजे आले. हौशीरामची बोटं आखडली. दोन वर्षांपूर्वी तो गेला आणि मी टेपासोबत माळ्यावर पडले. खरं सांगते, बरं वाटलं. कोणी वाजवत नव्हतं.

या उन्हाळ्यात नातवाचं, निलेशचं लग्न ठरलं. विठाबाईने एकच हट्ट धरला. "हळदीला त्यांचं गानं पायजे. माजे गुडघे हायेत तवर एकदा नाचू द्या मला."

निलेशची बहीण पायल तळेगावला कॉलेजात जाते. तिने मोबाइलवर गाणं शोधलं आणि आजोबांच्या बेंजोवर आठवड्याभरात बसवलं. विठाबाई उठली आणि दुसऱ्याच पावलाला भिंत धरून थांबली.

"ह्ये कुनाचं आनलंस गं? पाऊल पडंना माजं."

"आजी, हेच आहे ते. खरं गाणं."

"खरं आसंल. आपलं न्हाई."

पायलने लय कमी करून पाहिली. कधी जास्त मंद, कधी कमी. आजी मान हलवत राहिली. हळद उद्यावर आली होती. शेवटी निलेशने मला आणि टेपाला माळ्यावरून काढलं आणि नवे सेल घातले. मी थेट मोबाइलसारखीच धावले.

"हिलाबी ल्हानपन आलं जनू!" विठाबाई वैतागली. मग एकदम हसली. "आरं, नवं सेल कशाला घातलंस? त्यांनी कवा नवं घातलं व्हतं? उन्हात वाळवायचे नव्हं का!"

निलेशने दमलेल्या विजेरीतले सेल काढून दुपारभर पत्र्यावर ठेवले. संध्याकाळी मी पुन्हा रेंगाळले. माझी फीत ताणली जात होती. माझा शेवट मला कळत होता; पण बंद करायची कळ काही माझ्या हातात नव्हती. विठाबाईने पदर खोचला. दोन पुढे, टाळी, एक मागे. पायल माझ्याकडे बघतच नव्हती. तिची नजर आजीच्या पावलांवर होती.

दुसऱ्या कडव्यात माझी फीत तुटली.

पाऊल मात्र थांबलं नाही. दोन पुढे, टाळी, एक मागे. पायलने तारा छेडायची पत्ती उचलली आणि त्या पावलावर बेंजो धरला.

"हां," विठाबाई म्हणाली, "आता आलं घरी."

दुसऱ्या दिवशी हळद झाली. मी फळीवर पडून सगळं ऐकलं. पायलने माझी तुटकी टोकं पेन्सिलीने आत गुंडाळून ठेवली आहेत. कोणी ती जोडू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी सापडली, तर फेकण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आत काय भरलंय ते डबीवर लिहिलेलं असतं. ती तुमच्या घरात कशी वाजायची, तेवढं विचारा. आणि ते माणूस दाखवायला उठलं, तर हातातलं सगळं ठेवून त्याच्या पावलांकडे बघा.