नरसाळ्यात अडकलेले हरभरे

मी एक जुने, पत्र्याचे नरसाळे आहे. मित्रांनो, शेवगावच्या एका कारागिराने मला ठोकून घडवले आणि मी तिसगावच्या किराणा दुकानात आले. गोडेतेल माझ्यातून बाटल्यांत उतरायचे. थेंबही सांडत नाही, असे गिऱ्हाइके म्हणायची, तेव्हा मी मनातून फुगून जायचे. पुढे तेल पिशव्यांतून येऊ लागले आणि मी खिळ्याला लटकून गंजत राहिले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

तिथून मला सत्यशीलाबाईंनी नेले. त्या शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांच्या गावाजवळ एक अरुंद पूल आहे. घोडेगावच्या गुरांच्या बाजाराला जाणारे टेम्पो त्यावरूनच जातात. जनावरे बांधायला मोक्याची जागा मिळावी म्हणून बाजाराच्या दिवशी जो तो उलट्या बाजूनेही पुढे घुसतो. गेल्या वर्षी त्या कोंडीत गावातल्या सविताला नेणारी जीप अडकली. सविता बाळंतपणासाठी दवाखान्यात निघाली होती. दवाखाना गाठेपर्यंत बाळ पोटातच गेले.

बाईंनी टेम्पोवाल्यांना पारावर बोलावले आणि माझ्यात भसकन हरभरे ओतले. चार दाणे पडले अन् बाकीचे अडकले.

"प्रत्येकाला आधी जायचंय, म्हणून तोंडाशी सगळे एकमेकांना अडवून कमान धरतात," बाई म्हणाल्या. "वरून रेटलं की ती आणखी घट्ट होते. आता सावकाश सोडते." त्यांनी मला रिकामे करून हरभरे थोडे थोडे सोडले, तेव्हा सगळे खळखळ उतरले.

"बाई, आमी काय हरभरं हाय व्हय?" टेम्पोवाले मच्छिंद्रनाना म्हणाले. सगळे हसले.

सविताचा नवरा सूर्यभान हसला नाही. त्याचाही टेम्पो आहे. त्याने स्वतः हरभरे ओतले. ते पुन्हा अडकले. खालून बोट घालून त्याने तोंडाशी रुतलेला दाणा चाचपला.

"त्या दिशी पुलाच्या तोंडाशी माझाच टेम्पो आडवा हुता, नाना," तो म्हणाला. "मागं कोन हाय, मला काय ठावं?"

मी पत्र्याचे, पण माझाही जीव कळवळला.

पुढच्या बाजाराहून सूर्यभान बाईंकडे आला. पुलाच्या अलीकडे थांबून त्याने समोरच्या गाड्या जाऊ दिल्या होत्या. मागून भोंगे वाजले, तेव्हा नानांनी खाली उतरून मागच्या गाड्या अडवून धरल्या होत्या.

"बाजारात जागा पार कडंला घावली, बाई," तो म्हणाला, "पन पूल मोकळा ऱ्हायला."

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असे मी म्हणत नाही. पुलाजवळ आलात की जरा थांबा, पुढच्यापासून अंतर राखा. मागे कोण अडकले आहे, ते तुम्हाला दिसत नसते.