चार बोटं माया

व्यायाम शिकवणाऱ्या बाई दर मंगळवारी तेच सांगतात. हिंडत्याफिरत्या राहा, हात चालता ठेवा, मन प्रसन्न ठेवा. हात चालता ठेवायला मला कुणी सांगायला नको, चौतीस वर्षं मी कापड बेतते आहे. मन प्रसन्न ठेवायचं तेवढं जमत नाही. मेंदूत काहीतरी आटत चाललंय, ते परत भरून येणार नाही आणि आजार हळूहळू वाढतच जाणार, हे डॉक्टरांनी मला इतक्या शांतपणे सांगितलं की त्यांची कॉलर धरावीशी वाटली. कॉलर बसलीही वाईट होती.

तेव्हापासून मी घाबरलेली आहे. शूर असल्याचा आव कशाला आणू? सकाळी डोळे उघडले की आधी उजव्या हाताकडे बघते. तो पांघरुणावर आपला आपण थरथरत असतो. कात्री हातात घेतली की थांबतो, हे नशीब. पण एक दिवस कात्री हातात असतानाही थांबला नाही तर? हा प्रश्न मी दात घासताना, चहा गाळताना, दुकानाचं कुलूप उघडताना स्वतःला विचारते आणि उत्तर यायच्या आत दुसरं काहीतरी करायला लागते.

बाईंनी सांगितलेलं सगळं मी करते. लांब ढांगा टाकत चालते, मोठ्यानं आकडे म्हणते. फक्त मोठ्या अक्षरात रोज पानभर लिहा म्हणाल्या, तेव्हा बिनसलं.

"या आजारात बऱ्याच जणांचं अक्षर बारीक होत जातं," त्या म्हणाल्या.

"माझं नाही झालं," मी म्हटलं आणि पुढच्या मंगळवारी मापांची वही घेऊनच गेले. पेन्सिलीनं लिहिलेली छाती, कंबर, बाही. आकडे गोल, ठसठशीत, चौतीस वर्षांपूर्वी होते तसेच. बाईंनी पानं उलटली आणि कौतुकानं मान हलवली. तेव्हापासून मी रोज सकाळी दुकानात गेल्या गेल्या ती वही उघडून मागचं एखादं पान बघायचे. हात गेला, चाल गेली, पण अक्षर जागेवर आहे ना? मग आजार अजून उंबऱ्यापाशीच आहे. तेवढ्या धीरावर माझा दिवस निघायचा.

दुकानात आम्ही दोघीच, मी आणि माझी धाकटी नणंद. मी बेतायचं, तिनं शिवायचं. तिची जीभ मशीनपेक्षा जोरात चालते. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात त्याला आम्ही माया म्हणतो. पुढे अंग भरलं तर उसवून कपडा वाढवता येतो. मी कायम दोन बोटं माया सोडते आणि ती कायम कुरकुरते. "एवढी माया माझ्या भावाला लावली असतीस तर!"

त्या गुरुवारी ग्रंथालयातल्या बाई ड्रेस घालून बघायला आल्या. गडद निळं कापड त्यांच्या आईच्या पेटीतलं होतं. तेवढंच, पुन्हा मिळणार नाही असं. त्यांच्या डाव्या हाताला कोपराखाली भाजल्याचा मोठा डाग आहे, म्हणून बाही लांब हवी, असं त्यांनी माप देताना मला हळूच सांगितलं होतं.

पडदा सरकवून त्या बाहेर आल्या. ड्रेस अंगावर सुरेख बसला होता, आणि बाही कोपरापाशीच संपली होती. त्यांनी उजव्या हातानं डाग झाकला.

मला त्यांच्याकडे जायचं होतं. पाय उचलेनात. जमिनीला खिळल्यासारखे झाले, अंग पुढे आणि पाय मागे. आता पडणार, गिऱ्हाइकासमोर पडणार, एवढंच डोक्यात. नणंद मशीनवरून उठली, व्यायामाच्या बाईंनी सांगितलं होतं तशी माझ्या पावलांपुढे खडूनं एक रेघ ओढली आणि म्हणाली, "वहिनी, रेघ ओलांड."

रेघ ओलांडली. पाय सुटले. मी वही उघडून त्यांचं पान काढलं.

ते पान माझं वाटेना. कागदावर मुंग्या चालत गेल्यासारखे आकडे. बाहीपुढे मी लिहिलं होतं एकोणीस. पण नवाचं शेपूट इतकं आखडलं होतं की त्याचा सरळसरळ एक झाला होता. मीच लिहिलं एकोणीस, मीच वाचलं अकरा, आणि मीच कापलं.

थाप मारता आली असती. कापड आटलं म्हणायचं, हल्ली अशीच बाही घालतात म्हणायचं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण त्यांचा हात अजून डागावर होता.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "मला मेंदूचा आजार झालाय. माझं अक्षर बारीक झालंय आणि ते मला कळलंच नाही."

गिऱ्हाइकापुढे हे मी पहिल्यांदाच बोलले. आवाजही बारीकच निघाला.

त्यांनी आखूड बाहीची कड चिमटीत धरली. मग म्हणाल्या, "आईचं कापड होतं हो."

"बाह्यांचं कापड उरलंय. जोड देता येईल."

"दिसेल ना?"

"दिसेल," मी म्हटलं.

त्यांनी आरशात एकदा पाहिलं. "द्या जोड," म्हणाल्या आणि कपडे बदलून गेल्या. रागावल्या की नाही, मला सांगता येणार नाही.

मी वहीची मागची पानं उलटली. सगळीकडे गोल, ठसठशीत आकडे. मग हे एकच पान असं कसं? पान उजेडात धरलं, आणि त्या सुंदर आकड्यांखाली खोडलेल्या मुंग्यांचे वळ दिसले. प्रत्येक पानावर.

"कधीपासून?" मी विचारलं.

नणंद सुईत दोरा ओवत बसली. "आठ महिने. तू घरी गेलीस की खोडून पुन्हा लिहायचे. तुझ्या वळणाचा नऊ काढायला शिकले. ही बाई आली त्या दिवशी मी दाताच्या डॉक्टरकडे होते, दुसऱ्या दिवशी येईपर्यंत तू कापून मोकळी."

"आणि मी त्या व्यायामवाल्या बाईंना वही दाखवून आले! माझं अक्षर म्हणून!"

"रोज सकाळी वही बघून तुझा चेहरा उजळायचा, वहिनी. कुठल्या तोंडानं सांगू?"

मी खूप भांडले. माझ्या पाठीमागे काय काय करतेस, मला काय कुकुलं बाळ समजतेस, सगळं बोलून घेतलं. मग बोलणं संपलं आणि नुसती भीती उरली. आठ महिने आजार घरात शिरून बसला होता आणि मी उंबऱ्यावर पहारा देत होते.

"मला फार भीती वाटते गं," मी म्हटलं.

"मग मला काय मजा वाटते?" ती एकदम ओरडली आणि डोळे पुसायला लागली. "पण तुझ्यासारखं बेतायला मला सात जन्मात जमणार नाही. तेव्हा लिहिणं माझ्याकडे. तू माप मोठ्यानं सांगायचं, बाई म्हणतात तसं. आणि त्यांनी दिलेलं पानभर लिहायचं काम मुकाट्यानं करायचं."

मी पेन्सिल घेतली आणि वहीच्या शेवटच्या पानावर एकोणीस लिहिलं, चार ओळी व्यापतील एवढं. दुसरं जरा लहान आलं. पाचवं मुंगीएवढं. मी पान उलटलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मग उरलेलं निळं कापड टेबलावर पसरलं. कात्री उचलली आणि हात थांबला. आज तरी थांबला.

"जोडाला माया किती?" नणंदेनं विचारलं. पेन्सिल तिच्या हातात होती.

"दोन बोटं," मी मोठ्यानं म्हटलं. "नेहमीसारखी."

"कापड पुरतंय. चार सोड," ती लिहिता लिहिता म्हणाली. "पुढे लागेल."