एका माईकपुढे चौघे

मित्रांनो, आयुष्यभर लोक माझ्या तोंडावर टिचकी मारून मी जिवंत आहे की नाही ते पाहत आले आहेत. मी एक जुना माईक आहे. जिवंत आहे. दमलो आहे, पण ते टिचकीने कळत नाही.

माझ्याबरोबर कारखान्यातून बाहेर पडलेले काही भाऊ मोठमोठ्या रेडिओ केंद्रांवर गेले. मी एका शेतकी कॉलेजात गेलो. तिथे बरीच वर्षे मी डुकरांच्या रोगांवरची व्याख्याने ऐकली. व्याख्याने वाईट नव्हती. आजही एखादे डुक्कर खोकले तर मी कारण सांगू शकेन, पण मला कोणी विचारत नाही. पुढे कॉलेजाने नवे माईक घेतले आणि मला तुटक्या पंख्यांबरोबर एका खोक्यात टाकले. त्या खोक्यातून मला व्हर्नन स्टिडमने उचलले. तेव्हापासून मी ‘पोकबेरी रिज’ असे डोंगराचे नाव लावणाऱ्या ब्लूग्रास, म्हणजे अमेरिकेतल्या डोंगरी संगीताच्या, मंडळींचा एकुलता एक माईक आहे, आणि केंटकी, ओहायो, टेनेसी असा गावोगाव फिरतो आहे.

एकुलता एक म्हणजे खरोखरच एक. आमच्यात चौघांना मिळून एकच माईक असतो. गाणारा बाजूला झाला की फिडल पुढे येते, फिडल मागे सरली की बँजो पुढे येतो. एकाच शेगडीवर चार सुनांनी स्वयंपाक करावा, तसे हे काम आहे. बँजोचा दांडा, फिडलचा गज आणि माणसाएवढा उभा बास यांच्यामधून कोणाचाही डोळा न फोडता फिरायचे असते. म्हणून एक नियम सगळ्यांच्या अंगात मुरलेला असतो. जो माईककडे येईल त्याला जागा द्यायची. आधी सरायचे, विचार नंतर करायचा.

चार गाणी झाली की व्हर्नन मंडळींची ओळख करून देतो. आमचे श्रोते घरून घडीच्या खुर्च्या घेऊन येतात, आणि त्या खुर्चीत बसल्यावर त्यांना डोंगर हवा असतो. डोंगरावर लाकडी घर, घराला पडवी आणि पडवीत आजोबा. निदान एक आजोबा तरी लागतातच. व्हर्ननने ते हवे तसे वाटून दिले होते.

व्हर्नन गिटार वाजवतो आणि गातो. तो स्वतःला खाणकामगाराचा मुलगा म्हणवून घेई. प्रत्यक्षात त्याच्या वडिलांचे डेटन शहरात बुटांचे दुकान होते. दुकानामागच्या खोलीत, खोक्यांच्या ढिगात बसून, एकच तबकडी झिजेपर्यंत लावत तो गिटार शिकला. हे काही कमी कष्टाचे नव्हते, पण बुटांच्या दुकानाला टाळ्या पडत नाहीत.

बँजोवाला ड्वाइट अॅम्बर्गी. त्याच्या आजोबांनी म्हणे स्वतः मारलेल्या रानघुशीच्या कातड्याने बँजो मढवला होता. खरे तर ते आयकराचे कागद भरून देत आणि मांजर शेजारी आले तरी त्यांना शिंका येत. ड्वाइट तरुणपणी छातीवर कवटी छापलेला शर्ट घालून एका मोटार गॅरेजात कानठळ्या बसवणारे रॉक वाजवायचा. त्याच्या बोटांचा वेग तिथला आहे.

बास वाजवणारा क्लोव्हिस तेवढा खरोखर डोंगरातला. त्याची ओळख व्हर्नन चार शब्दांत उरकायचा. “हा क्लोव्हिस. बोलत नाही.” लोक हसायचे. क्लोव्हिस बोलत नसे.

आणि फिडलवर रेनाटा. फिडल म्हणजे व्हायोलिनच. वाद्य तेच, फक्त बसणारा माणूस उभा राहतो. रेनाटा कोवाल्चिक टोलेडो शहरातली, पोलंडहून आलेल्या घराण्यातली. तिचे वडील योझेफ शहराच्या ऑर्केस्ट्रात तिसऱ्या रांगेत व्हायोलिन वाजवत आणि शनिवारी लग्नांमधून पोल्का नाचाच्या धुना. व्हर्ननने तिला मंचावर ‘रेनी कोल’ केले होते आणि तिला एक आंधळे आजोबा दिले होते. पहिल्यांदा तिने मान हलवून नाही म्हटले. नंतर रोज प्रवास, रोज मुक्काम, पेट्रोल पंपावरचा बिस्किट नावाचा थंड पाव आणि त्यावरची ग्रेव्ही. दमलेला माणूस कोणतेही आजोबा चालवून घेतो.

खोटे कशाला बोलू, माझीही ओळख होती. मी म्हणे जुन्या डोंगरी रेडिओचा माईक. माझ्यापुढे मोठमोठे गवई रडून गेले. कार्यक्रम संपला की लोक माझे फोटो काढत. मी नाही म्हणालो नाही. माईकला नाही म्हणता येत नाही, ही एक सोय आहे.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही टोलेडोजवळच्या एका गावी, जत्रेच्या मैदानावर वाजवायला निघालो होतो. मी गाडीत नेहमीप्रमाणे व्हर्ननच्या मोज्यात गुंडाळलेला होतो.

“उद्या बाबा येतायत,” रेनाटा म्हणाली.

“येऊ देत की. पुढे बसवू,” व्हर्नन म्हणाला.

“बसण्याचं नाही. उद्या ते आंधळ्या आजोबांचं नको. आणि ते कोलही नको.”

“एक दिवस डोळस राहू देत म्हातारा,” ड्वाइट मागून म्हणाला. “काय बिघडतंय?”

“तू गप रे. तुझ्या आजोबांची घूस अजून वाळायचीय,” व्हर्नन म्हणाला.

“मी थट्टा करत नाहीये, व्हर्नन,” रेनाटा म्हणाली. “मी ऑर्केस्ट्रा सोडला तेव्हापासून ते एकदाही ऐकायला आलेले नाहीत. आता त्यांच्या डाव्या हाताची बोटं बधिर झालीत. व्हायोलिन कपाटावर ठेवून दिलंय. मीच मागे लागले, म्हटलं या, मी वाजवते ते तुमचंच आहे. आणि तिथे बसून त्यांनी काय ऐकायचं? की मला भलत्याच कुणी शिकवलं? ते पुन्हा येणार नाहीत. मी ओळखते त्यांना.”

व्हर्ननने स्टिअरिंगवरचा एक हात वर केला. “शब्द दिला पोरी. नाव, गाव, वडील. संपलं.”

क्लोव्हिसने उकडलेल्या शेंगांची पिशवी तिच्यापुढे धरली. तो त्याचा अभिप्राय असावा.

दुसऱ्या दिवशी योझेफ कोवाल्चिक कोट आणि निळा टाय घालून मैदानावर आले. खुर्ची आणायची असते हे त्यांना माहीत नव्हते. ऑर्केस्ट्रावाल्यांना जग खुर्च्या मांडून ठेवते. एका बाईने त्यांना आपली जास्तीची खुर्ची दिली. खुर्चीच्या हाताला पेला ठेवायचे गोल भोक होते. त्यांनी त्यात आपली टोपी ठेवून पाहिली, मग काढून मांडीवर घेतली.

चार गाणी झाली आणि व्हर्नन माझ्यासमोर आला. त्याने मुद्दाम केले नाही, हे मी सांगतो. त्याच्या नाकापासून मी वीतभर अंतरावर होतो. “ही रेनाटा,” तो म्हणाला आणि थांबला. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने ऐकण्यासाठी मान कलती केली. ती मान कलली आणि व्हर्ननचे तोंड, जुना बैल गोठ्याकडे वळावा तसे, आपोआप वळले.

“...पोकबेरी रिजवर, आंधळ्या आजोबांच्या मांडीवर बसून, त्यांच्या बोटांवर बोटं ठेवून शिकली बरं का आमची रेनी.”

मैदानभर एक सुस्कारा पसरला. योझेफ खुर्चीच्या भोकातून खालचे गवत बघत राहिले. मग त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. टोपी डोक्यावर ठेवणारा माणूस निघालेला असतो.

तेव्हा रेनाटा माझ्याकडे आली. तिची पाळी नव्हती. गाणेच चालू नव्हते, तर पाळी कसली? पण फिडल पुढे येताना दिसताच व्हर्नन आयुष्यभराच्या सवयीने मागे सरला. आपण का सरलो हे त्याला कळले तोवर ती बोलू लागली होती.

“माझं नाव रेनाटा कोवाल्चिक. आम्ही टोलेडोचे. माझे आजोबा पाव भाजायचे आणि त्यांना चांगलं दिसायचं. मला माझ्या वडिलांनी शिकवलं. स्वयंपाकघरात, शाळेच्या आधी. मी रडायचे, आणि ते म्हणायचे, रड, पण तालात.”

लोक हसले. त्यांना हाही कार्यक्रमाचाच भाग वाटला.

“ते तिथे बसलेत. निळा टाय.”

सगळ्या खुर्च्या कुरकुरत वळल्या. तिसऱ्या रांगेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे मुळीच आवडले नाही. त्यांनी अर्धवट उठून मान लववली आणि खाली बसले. टोपी पुन्हा मांडीवर आली.

रेनाटाने कोणालाही न विचारता एक लग्नातला पोल्का धरला. तो आमच्या यादीत नव्हता. क्लोव्हिसला सूर लगेच सापडले, ड्वाइट वाटेत येऊन मिळाला, आणि व्हर्नन सगळ्यात शेवटी, हळूच, माझ्यापासून लांब उभा राहून वाजवू लागला. ते आमचे चांगले वाजवणे नव्हते. पण मी ते होते तसे पुढे पोचवले.

नंतर व्हर्नन हॅट हातात घेऊन योझेफसमोर जाऊन उभा राहिला. क्लोव्हिसने मला स्टँडसकट खांद्यावर घेतले होते, म्हणून मला ऐकू आले.

“माझं चुकलं, साहेब. तोंडाला सवय झालीय.”

“ते तुमचे आजोबा बरे शिक्षक दिसतात,” योझेफ म्हणाले. “फक्त गज धरायची पद्धत माझी आहे.”

“मला ठाऊक आहे.”

“ठाऊक होतं, तर ते जास्त वाईट.” मग ते मुलीकडे वळले. “दुसऱ्या गाण्यात मनगट पडत होतं तुझं.”

“हो बाबा.”

“पुढच्या वेळी मी माझी खुर्ची आणीन. हिच्यात पाठ राहत नाही.”

 रेनाटा त्यांच्या गाडीपर्यंत त्यांच्याबरोबर गेली आणि बराच वेळ परत आली नाही. आम्ही सामान भरून थांबलो. कोणी हॉर्न वाजवला नाही.

पुढच्या गावी व्हर्नन माझ्यासमोर उभा राहिला तेव्हा त्याचा श्वास नवशिक्यासारखा होता. त्याने बुटांचे दुकान सांगितले, आयकर सांगितला, टोलेडो आणि योझेफ कोवाल्चिक सांगितले. आडनाव दोनदा चुकून तिसऱ्यांदा बरोबर आले. खुर्च्या कुरकुरल्या. दोघांनी टाळ्या वाजवल्या. मग, आता सुरुवात केलीच आहे म्हणून, त्याने डुकरेही सांगितली. त्याला मात्र मोठा हशा पिकला. त्या दिवसापासून माझा फोटो कोणी काढत नाही. खरे सांगावे, असे मलाही वाटत होते. ते माझ्यापर्यंत येईल असे वाटले नव्हते.

क्लोव्हिसपाशी व्हर्नन अडला. सांगायला त्याच्याकडे काहीच नव्हते, कारण त्याने कधी विचारलेच नव्हते.

“तू कुठे शिकलास रे?” त्याने सगळ्यांसमोर विचारले.

“चर्चमध्ये,” क्लोव्हिस म्हणाला. “वाद्यं चालत नसत तिथे. आजी ओळ सांगायची, आम्ही मागून म्हणायचो.”

“मग हा बास?”

“आजीला अजून सांगितलेलं नाही.”

इतक्या वर्षांत क्लोव्हिस माझ्यासमोर बोलला, ते हे पहिलेच बोलणे.

मित्रांनो, आता माझी जाळी चेपली आहे, तार सैल झाली आहे, पावसाळी हवेत मला खरखर लागते. व्हर्नन मला अजूनही मोज्यातच ठेवतो. जमले तर एखाद्या म्हाताऱ्या माईकला कोरड्या फडक्याने पुसत जा आणि टिचकी मारण्याऐवजी सरळ बोला. आणि तुम्हाला ज्याने काही शिकवले असेल, आई असो, मास्तर असो, नाहीतर बुटांच्या दुकानामागची एकटी खोली असो, त्याचे नाव घ्या. तो ऐकायला बसलेला असेल तोवर घ्या. मोठ्याने बोलायची गरज नाही. जवळ या आणि बोला. पुढे पोचवायचे काम आमचे. दमलो असलो तरी तेवढे आम्ही करतो.