योसेफ खड्ड्यातच राहिला

"बाबा, तुमचा दोर घेऊन जा ना," धाकटा रडत म्हणाला. "योसेफला वर काढा."

योसेफला त्याच्या भावांनी कोरड्या खड्ड्यात टाकलं होतं आणि आमच्या ह्यांनी नेमकं तिथेच "आमेन" म्हणून बायबल मिटलं होतं. आमच्याकडे नियमच तसा. रोज संध्याकाळी जेवणाआधी सतरंजी पसरायची, एक गीत, थोडं शास्त्रवाचन, मग प्रार्थना. पण धाकट्याची चुळबुळ सुरू झाली, की गोष्ट असेल तिथे थांबवायची. पोराला सर्दी झाली तेव्हा नोहाचं तारू आठवडाभर पाण्यावरच राहिलं होतं. मी चिडायची, असली कसली अर्धवट उपासना! तर हे म्हणायचे, पंप कोरडा चालवला की जळतो, पोरांचंही तसंच. पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाशी लग्न केलं की हीच उदाहरणं ऐकावी लागतात.

मधल्याच्या शंका वेगळ्या. तारवातलं शेण कोण काढायचं, असं त्याने विचारलं, तर हे गंभीरपणे म्हणाले, बहुतेक नोहाची बायको. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

सतरंजीची एक कड रिकामी असायची. ती थोरलीची. तिची जिवाभावाची मैत्रीण तापाने गेली. ती आजारी असताना आम्ही सगळ्यांनी रोज देवाकडे त्या पोरीसाठी मागितलं होतं. थोरलीने बापाला तोंडावर विचारलं, मागून काय मिळालं? हे म्हणाले, मला माहीत नाही. तेव्हापासून उपासनेच्या वेळी ती स्वयंपाकघरात भांडी घासायची, तीही आदळआपट करत. मी म्हटलं, कान धरून आणून बसवा तिला.

"कान धरला तर कानच हातात येईल," हे म्हणाले. "पोरगी नाही येणार."

पण सतरंजी पसरताना तिची जागा ते रोज हाताने साफ करायचे. मला ते बघवायचं नाही. पोरगी कायमची तुटली तर हा माणूस कोलमडेल, हीच मला धास्ती.

योसेफ खड्ड्यात पडला त्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी इस्पितळातला पंप बंद पडला आणि ह्यांना जावं लागलं. मी म्हटलं, आज राहू दे. धाकट्याने स्वतःच सतरंजी ओढत आणली. योसेफ वर आल्याशिवाय तो जेवणार नव्हता. मी वाचायला घेतलं, तर म्हणाला, तू नको, तू भराभरा वाचतेस. आणि भोकाड पसरलं.

आतली भांडी थांबली. थोरली ओले हात पुसत आली आणि आपल्या जागेवर बसली. पुस्तक उघडलं नाही. गोष्ट कालच्या शब्दापासून पुढे सांगू लागली, म्हणजे एवढ्या आदळआपटीतही बाईसाहेब सगळं ऐकत होत्या.

"काढलं त्याला वर," ती म्हणाली. "पण विकायला काढलं."

मधल्याने विचारलं, मग देव काय करत होता?

"मला माहीत नाही," थोरली म्हणाली. अगदी बापासारखं.

तेवढ्यात मला दार किलकिलं दिसलं. हे कधीचे पायरीवर बसले होते, बूट न काढता, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन. मी उठू लागले, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

धाकटा सतरंजीचे दोरे उपटू लागला. थोरलीने त्याच्याकडे पाहिलं आणि गोष्ट तिथेच थांबवली. डोळे मिटून हळूच "आमेन" म्हणाली.

"मग पुढे?" धाकट्याने विचारलं.

"पुढचं उद्या."

हे आत आले ते थेट मोरीत गेले. नळाचा थेंब वाया गेला तरी घर डोक्यावर घेणारा माणूस. मी टॉवेल घेऊन गेले, तर हातांचं ग्रीस केव्हाच निघालं होतं आणि नळ तसाच धो धो वाहत होता. मी बंद केला नाही.