ट्रकच्या आड येणारा खांब

मित्रांनो, मी एक जुना सिमेंटचा खांब आहे. माझ्यावर दिवा नाही, तारा नाहीत, कुणाच्या नावाची पाटीही नाही. उंचीने तुमच्या छातीएवढा असेन. डोक्याखाली एक निळा पट्टा आहे, तोही आता अर्धामुर्धा पुसला गेला आहे. मला पूररेषेचा खांब म्हणतात. भिणे हेच माझे काम आहे आणि ते काम मी मनापासून केले आहे.

माझा जन्म रोह्याजवळ, कुंडलिकेच्या काठच्या एका आवारात झाला. लोखंडी साच्यात खडी, वाळू आणि सिमेंट ओतून आम्हा भावंडांना ओळीने घडवले. पट्टा रंगवायच्या दिवशी मोजणीचे साहेब आले होते. ते कामगारांना म्हणाले, “नकाशावरची रेघ घरात बसून कुणी बघत नाही, म्हणून हे खांब जमिनीत लावायचे. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा मोठा पूर इथवर चढतो, हे लोकांना दिसलं पाहिजे.” नदी तेव्हा उन्हाळ्यातली, गुडघाभर होती. माझी भावंडे तिच्याकडे पाहून हसली. मला मात्र त्या दिवसापासून पाण्याची जी धास्ती बसली, ती आजवर गेलेली नाही.

माझी नेमणूक पेणजवळ हमरापूरच्या बाजूला झाली. तिथे घरोघर गणपतीचे कारखाने. पुंडलिक आणि सगुणा या नवराबायकोचा कारखाना खाडीच्या अंगाला होता. समोर रस्ता, मग अंगण, मग पत्र्याची शेड आणि शेडमागे उतरती जमीन थेट खाडीपर्यंत. साहेबांनी नकाशा पाहून मला अंगणात रोवले, रस्त्यापासून थोडे आत. म्हणजे अख्खी शेड माझ्या आणि खाडीच्या मध्ये आली. पुंडलिकला ते मुळीच आवडले नाही. “आमच्या दारात भूत आणून बसवलंव साहेब,” असे तो हसत हसत म्हणाला, पण ते हसू काही खरे नव्हते.

सुरुवातीला माझा मान मोठा होता. येणारेजाणारे विचारत आणि सगुणा सांगे, “ह्याच्या पायाशी पाणी आलं का समजायचं, शेड गेली.” ती मूर्तींचे डोळे आखायची. सगळे रंग झाले की शेवटी डोळे, आणि ते आखताना ती कुणाशी बोलत नसे. माझ्याकडे मात्र अधूनमधून बघायची. घरात मला भिणारी तेवढी ती एकच होती.

मग एका वर्षी सीझनच्या घाईत मुंबईला जाणारा ट्रक अंगणात वळेना. ड्रायव्हरने मागे घेताना मला धडक दिली, मूर्ती हादरल्या आणि एका गणपतीचा हात निखळला. पुंडलिकचे डोके फिरले. त्याने भरदुपारी चार लोकांदेखत मला पहारीने उपटले आणि शेडच्या मागे, खाडीकडच्या उतारावर नेऊन रोवले. “गणपती होऊ दे, मग परत लावू,” असे तो म्हणाला. गणपती झाले, दिवाळी झाली, पुढच्या वर्षीचे गणपतीही आले आणि गेले. मी तिथेच राहिलो. माझ्या डोक्याला दोरी बांधली गेली आणि तिच्यावर रंगाची फडकी वाळू लागली. बकऱ्या अंग घासून जात. अपमानाचे मला फार वाटले नाही. पण समोर खाडी आणि पाठीमागे शेड अशी माझी अवस्था झाली होती, आणि भरतीच्या वेळी खाडीचा आवाज वाढला की माझ्या अंगातली सळईसुद्धा गार पडायची.

काही वर्षांनी बँकेच्या कामासाठी विम्याचा माणूस कारखाना बघायला आला. त्याने मोबाइलवर नकाशा उघडून पाहिला, पण रेंज नव्हती. मग त्याची नजर माझ्यावर पडली.

“पूररेषेचा खांब शेडच्या मागे आहे, म्हणजे शेड रेषेच्या बाहेर. पुराचं कव्हर काढून टाकलं तर हप्ता कमी बसेल. आगीचं राहू द्या.”

सगुणाने हातातला कुंचला खाली ठेवला. “आन पाणी आलं तर?”

“कसं येल? खांब मागं हाय ना!” पुंडलिक म्हणाला.

मित्रांनो, या उत्तराने माझ्या छातीत धडकी भरली. कारण तो लबाडी करत नव्हता. आपल्याच हाताने मला उपटले होते हे तो साफ विसरला होता. रोज फडकी वाळत घालता घालता सगळ्यांनाच वाटू लागले होते की मी पहिल्यापासून तिथेच आहे. सगुणानेही मान डोलावली आणि पुन्हा कुंचला उचलला. मला ओरडावेसे वाटत होते. खांबाला तोंड असते तर मी त्या दिवशी गाव गोळा केले असते.

त्याच वर्षी आषाढात अमावास्येचे उधाण आणि डोंगरातला पाऊस एकाच दिवशी आले. खाडी भरलेली, त्यामुळे नदीचे पाणी जायला जागा नाही. सकाळी पाणी माझ्या पायाशी होते. दुपारी निळ्या पट्ट्याला लागले. मग माझे डोके बुडाले. दोरीवरची फडकी पाण्याखाली हलत राहिली आणि पाणी माझ्यावरून शेडकडे गेले. पाठीमागे काय चालले आहे ते मला दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते. आधी पत्रे वाजले. मग सगुणाचा आवाज आला.

“डोळे आखलेले आधी उचला! डोळे उघडलेला देव बुडवायचा नाय!”

“देव ऱ्हाऊ दे गो, तू भायेर ये!” पुंडलिक ओरडत होता.

तो तिला ओढून रस्त्यावर नेईपर्यंत पाणी तिच्या गळ्याशी आले होते. माणसे वाचली. माळ्यावर चढवलेल्या थोड्या मूर्ती वाचल्या. बाकीच्या कच्च्या मातीच्या, त्या जागच्या जागी विरघळल्या. पाणी उतरले तेव्हा शेडमध्ये मातीचा एक सपाट थर होता आणि त्यात रंगांच्या रेघा होत्या. विम्याचा माणूस पुन्हा आला, त्याने कागद पाहिले आणि खाली मान घालून सांगितले की पुराचे कव्हर नाही. पुढच्या महिन्यापासून पुंडलिक डोलवीच्या पोलाद कारखान्यात ठेकेदाराकडे शिफ्टवर जाऊ लागला.

तुम्हाला वाटेल, आता तरी मला जागेवर नेले असेल. माझी खरी जागा दोघांनाही आता आठवली होती, तरी नाही नेले. भिंतींना चुना लावला, पाण्याची खूण झाकली, आणि शेडशेजारचा मोकळा तुकडा विकायला काढला. मी मागे होतो म्हणून त्या तुकड्याला किंमत होती.

जागा बघायला रोह्याकडची आमना आली. तिचा नवरा मुराद कुवेतला. इतकी वर्षे साठवून आता कुठे त्यांचे घर होणार होते. तिने सगळीकडून फिरून जागा पाहिली आणि माझ्यावर हात ठेवला. तो हात किती निश्चिंत होता! मला त्याचीच जास्त भीती वाटली.

“पाणी इथवरच येतं ना, दादा? खांबाच्या पुढे नाही ना?”

“नाय, पुढं नाय येत,” पुंडलिक म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता.

आमना खूश झाली. पायाने मातीवर रेघा ओढत ती सगुणाला दाखवू लागली. “इथे किचन. आणि ही खोली अम्मींची, माझ्या सासूबाईंची. त्यांना जिना चढवत नाही, पायच उचलत नाही. म्हणून त्यांची खाट खाली, या खिडकीशी.”

सगुणा त्या खिडकीच्या रेघेकडे बघत उभी राहिली. तिचा हात हळूहळू आपल्या गळ्याकडे गेला, पाणी जिथवर आले होते तिथे. मग ती शेडमध्ये गेली आणि पहार घेऊन बाहेर आली. माझ्यावरची दोरी तिने सोडली आणि माझ्या बुडाशी पहिला घाव घातला.

“काय करतंस गो?” पुंडलिक घाबरून म्हणाला.

“खांब जागेवर नेतंय.”

“नेलास तर ही जागा घेल कोन? शेड पण रेषेत जाईल आपली!”

“शेड रेषेतच हाय. मी गळ्याएवढ्या पाण्यात उभी व्हते, माझ्याशी बोलू नको.” मग ती आमनाकडे वळली. “हा खांब हितला नाय, बाय. आम्ही हलवला. ट्रक वळत नव्हता म्हनून. ह्या भिंतीवर चुना हाय ना, त्याच्याखाली पान्याची खून हाय. म्हातारीची खाट हितं नको टाकूस.”

आमनाच्या डोळ्यांत राग होता आणि तो योग्यच होता. सगुणा एकटी मला उचलू पाहत होती, पण मी काही हलका नाही. अखेर आमनाने ओढणी खोचली आणि माझे दुसरे टोक धरले. त्या दोघींनी मला अंगणात आणले. जुना खड्डा कधीच बुजला होता. सगुणाने अंदाजाने एक जागा धरली आणि खणू लागली.

पुंडलिक लांब उभा होता. तो सावकाश पुढे आला आणि पायाने जमीन दाबून म्हणाला, “हितं नाय. अजून दोन हात रस्त्याकडं.”

मग त्यानेच पहार घेतली.

आमनाने ती जागा घेतली नाही. रामवाडीच्या बाजूला, उंचावर तिचे घर उभे राहिले आहे आणि अम्मींची खाट खालीच, खिडकीशी आहे. तो तुकडा अजून विकला गेलेला नाही. सगुणाने शेडमध्ये उंच माळे बांधून घेतले आणि पुराच्या कव्हरसकट विमा उतरवला. हप्ता भरताना पुंडलिक कुरकुरतो, पण भरतो. उधाणाच्या दिवशी आमनाचा फोन येतो, “पाणी कुठवर आलंय?” आणि सगुणा दारात येऊन माझ्या पायाकडे बघते. गेल्या पावसाळ्यात ते शेडमध्ये शिरून अगदी माझ्या बुडाला लागून परत गेले; मूर्ती माळ्यांवर होत्या म्हणून वाचल्या. ती रात्र मी कशी काढली ते माझे मला ठाऊक.

मित्रांनो, तुमच्या घराजवळ असा निळ्या पट्ट्याचा खांब असेल तर त्याच्यावर दोरी बांधा, बकरी बांधा, मला काही वाटणार नाही. पण तो पहिल्यापासून तिथेच आहे का, एवढे घरातल्या मोठ्या माणसांना एकदा विचारा. ते लगेच उत्तर देणार नाहीत. तरी विचारा.

आता सीझन सुरू झाला आहे. ट्रक अंगणात वळत नाही, मूर्ती रस्त्यापर्यंत हातांवर न्याव्या लागतात, आणि प्रत्येक ड्रायव्हर मला पाहून एक सणसणीत शिवी हासडतो. ती शिवी कानावर पडली की मला धीर येतो. मी जागेवर आहे.