महिनाभर आधीचा नारळ

नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्याशिवाय घरातल्या कोणी समुद्रात उतरायचं नाही, हा पुतळाबाईच्या कोळी घराचा नेम. नात प्रिया मात्र सर्फिंगच्या स्पर्धेसाठी ऐन आषाढात चेन्नईला निघाली.

"फळीवर नाचायचं तर दर्याला इचारायचं नाय?" म्हातारी फणकारली आणि निरोप द्यायला दारापर्यंतही गेली नाही.

दुसऱ्या सकाळी, प्रिया लाटांवर उतरायच्या आधी, पुतळाबाई एकटीच नारळ घेऊन कोपरखैरण्याच्या खाडीवर गेली.

"आये, पुनवेला अजून महिना हाय," जाळं शिवत बसलेला शेजारचा शिवा म्हणाला.

"तू तुजी भोकं शिव."

तिने नारळ पाण्यात सोडला आणि हात जोडले. "पोरीला घाई हाय. तू तरी समजून घे."

घरी आली तर हॉल गप्प. तोल साधायला प्रिया रोज आडव्या बाटलीवर एक लाकडी फळी ठेवून उभी राहायची आणि त्या खटखटीवर पुतळाबाई दिवसभर करवादायची. आज फळी भिंतीला टेकून होती. म्हातारीने ती बाटलीवर ठेवली, खुर्चीत बसून एका पायाने दाबली. खट् झालं. थोडं थांबून तिने पुन्हा दाबली.